लघुसमूहाची वही उमेदवाराला दिली नाही. चुकलं का?

मोगरावाडी:

नमस्कार. मी वसईच्या पश्चिमेकडची. गावाचं नाव सांगत नाही, कारण आमच्याकडे गाव सांगितलं की अर्ध्या लोकांना घर कळतं आणि उरलेल्यांना कुठला चुलत दीर तेही कळतं. घरची थोडी वाडी आहे, सोनचाफा आणि मोगरा. फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात. मी मराठी शाळेत शिकवते, आणि सहा वर्षांपासून आमच्या धर्मग्रामातल्या एका लघु ख्रिस्ती समूहाची प्रमुख आहे. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: चर्चच्या हद्दीतली तीस-चाळीस घरं मिळून एक समूह. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओटीवर जमायचं, बायबलमधला उतारा वाचायचा, कोण आजारी, कुणाकडे मयत झाली, कुणाच्या पोराची फी थकली ते बघायचं, शेवटी चहा. माझ्याकडे त्रेचाळीस घरं आहेत आणि त्या घरांची एक वही आहे.

भांडण त्या वहीवरून झालं.

निवडणूक तोंडावर आहे. शनिवारी संध्याकाळी मी निबंध तपासत बसले होते, तेवढ्यात चुलत दीर आला. हातात मिठाईचा पुडा. नाताळ लांब, कुणाचं बारसं नाही, तेव्हाच मला शंका आली. हा दीर मनाने चांगला. आमच्या फुलांच्या करंड्या रोज पहाटे तोच टेम्पोतून स्टेशनवर पोचवतो. या वेळी तो एका उमेदवाराचं काम करतोय.

"वहिनी, आपला माणूस उभा आहे."

"आपला म्हणजे कसा, भावोजी?"

"आपला म्हणजे बाप्तिस्मा झालेला. आणखी काय?"

बाप्तिस्मा झालेला आहे, खरं आहे. गावामागच्या खाजणात मातीचे डंपर ओतले गेले तेव्हा ठेकेदाराबरोबर उभा असलेला माणूसही तोच, हेही खरं आहे. त्या वर्षापासून पावसात आमच्या वाडीत गुडघाभर पाणी राहतं. पण ते मी बोलले नाही. त्याचं म्हणणं असं, की वहीतले फोन नंबर द्यायचे. नावं नकोत, नुसते नंबर. पुढचं ते बघतील.

मी म्हटलं, फादरांना विचारते. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर विचारलं. फादर एवढंच म्हणाले, "ती वही माझीही नाही." आणि सायकल घेऊन गेले. आता याचा अर्थ काय लावायचा? मी लावला तो असा, की द्यायची नाही. मग दिली नाही.

दीर भडकला. त्याने जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. तो म्हणाला, "फादर लोकांनी हरित वसईचे मोर्चे काढले ते राजकारण नव्हतं काय? तेव्हा चर्चच्या अंगणात घोषणा चालल्या. आता आपलाच माणूस उभा राहिला तर धर्म आणि राजकारण वेगळं?"

त्या मोर्चांची मला आठवण आहे. १९९०च्या आगेमागे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने बिल्डर आणि टँकरवाल्यांविरुद्ध रान उठवलं होतं. मी तेव्हा पाचवी-सहावीत. आईचा हात धरून चालले होते. घोषणा एकही आठवत नाही, पायाला चटके देणारा रस्ता आणि कुणीतरी दिलेली काकडी आठवते. फादर २०२४च्या जुलैत गेले. त्यांच्या 'सुवार्ता' मासिकाचे अंक अजून आमच्या माळ्यावर आहेत. त्यांना विचारता आलं असतं तर विचारलं असतं.

घरात दुसरी आघाडी मुलीची. एकोणीस वर्षांची आहे, पहिलंच मतदान. तिला यातलं काही पटत नाही. म्हणते, "मम्मी, कैसराचं ते कैसराला देऊन टाक, आणि मी नोटाचं बटण दाबते." मी तिला म्हटलं, कैसराला, म्हणजे रोमच्या बादशहाला, कर द्यावा का असं विचारल्यावर प्रभूने आधी नाणं मागून घेतलं आणि विचारलं, हा मुखवटा आणि हा लेख कोणाचा? माझ्या वहीवर मुखवटा कोणाचा आहे? तिने वही उलटी करून बघितली. शाळेसमोरच्या दुकानातली वही, वर सिंहाचं चित्र. हसून लोळली.

तर सांगा. माझं चुकलं का? मोर्चा चालतो तर यादी का चालत नाही? आणि पोरीला नोटापासून परावृत्त करावं का? हात जोडून विनंती: पक्षांची नावं आणू नका. मागचा धागा त्यामुळेच बंद पडला होता.


वकीलबुवा:

ताई, मी ख्रिस्ती नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारा माणूस आहे, म्हणून माझ्या बाजूचं तेवढं सांगतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३). उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्या कुणी धर्माच्या नावावर मत मागणं हा 'भ्रष्ट आचार' आहे, निवडणूक रद्द होऊ शकते. यात 'त्याचा धर्म' म्हणजे कुणाचा धर्म यावर फार वर्षं कीस पडला. नुसता उमेदवाराचा, की ज्याच्यापुढे हात जोडतो त्या मतदाराचाही? ज्या खटल्यात याचा निकाल लागला तो तुमच्या लोकलच्याच मार्गावरचा आहे. १९९० सालची सांताक्रूझ विधानसभा निवडणूक, अभिराम सिंग विरुद्ध सी. डी. कॉमाचेन. सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन असा निकाल दिला: मतदाराचा धर्मही यात आला. निवडणूक झाली १९९० साली, अर्थ कळला २०१७ साली. मधे विधानसभेच्या पाच निवडणुका उरकल्या. आमच्या धंद्यात याला वेग म्हणतात.

हा कायदा लोकसभा-विधानसभेचा. महापालिकेचा कायदा वेगळा आहे, त्यामुळे तुमची निवडणूक कुठली हे न कळता कलम तुमच्या दिराच्या कपाळावर चिकटवू नका. पण "बाप्तिस्मा झालेला म्हणून द्या" हे वाक्य त्याने लिहून पाठवलं असेल तर त्याला खोडायला सांगा. त्याच्याच भल्यासाठी.

नोटाबद्दल. सुप्रीम कोर्टाच्या २०१३च्या निकालाने तो पर्याय आला. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत जो पुढे तोच निवडून येतो. स्थानिक संस्थांसाठी मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली ठरवलं, की नोटा सगळ्यांच्या पुढे गेला तर फेरनिवडणूक. तुमच्या लेकीला सांगा, ती काही अगदीच वाऱ्यावर बोलत नाहीये.


होळीबाजार:

ताई, राग मानू नका, मी पण आपल्यातलाच. तुमचं चुकलं.

२०२४च्या विधानसभेला वसईत पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारात किती फरक होता? तीन हजारांच्या आसपास. एवढी मतं आपल्या दोन-तीन धर्मग्रामांतून सहज निघतात. ती एका बाजूला पडली असती तर कुणीही असो, पाच वर्षं आपल्या दारात उभा राहिला असता. पण नाही. आपण घरटी चार मतं चार दिशांना टाकतो आणि मग दफनभूमीच्या भिंतीसाठी अर्ज घेऊन हापिसात उभे राहतो. तिथे बसलेल्याला माहीत असतं की याची मतं कुठे गेली ते यालाही माहीत नाही.

सोसायटीचे चेअरमन याद्या देतात. मंडळं देतात. जातीच्या संघटना तर छापून देतात. सोवळं फक्त आपल्याला. देवाने सर्पासारखे चतुर व्हा असंही सांगितलंय, कबुतरासारखं साधं राहायचं तेवढं आपण पाठ केलं.

आणि खाजणातल्या डंपरचं म्हणाल तर बाकीचे उमेदवार काय फावड्याने माती उचलून बाहेर टाकणार आहेत का?


मोगरावाडी:

होळीबाजार, शेवटचं वाक्य खरं आहे. म्हणूनच तर मत कुणाला ते अजून ठरलेलं नाही.

पण वहीत काय आहे ते मी नीट सांगितलं नाही असं दिसतं. नंबर पहिल्या पानावर. त्याच्या पुढे काय? सात नंबरच्या घरी मुलगा दारू सोडायच्या प्रयत्नात, मंगळवारी फोन करायचा. बारा नंबर, सून माहेरी गेली, विषय काढायचा नाही. एकोणीस नंबर, म्हाताऱ्या बायला कॅन्सर, तिला सांगितलेलं नाही, घरच्यांना माहीत आहे. तेहेतीस, वाडी गहाण पडली, मदत हवी पण नाव येऊ द्यायचं नाही. हे सगळं माझ्या अक्षरात, निळ्या पेनाने. सहा वर्षांत लोकांनी ओटीवर नाही, मागच्या दाराशी उभं राहून सांगितलेलं.

नुसते नंबर दे म्हणायला सोपं आहे. एकोणीस नंबरच्या बायचा फोन वाजेल, ती तो उचलेल, कारण तो नंबर फक्त समूहवाल्यांकडे आहे हे तिला माहीत आहे. तिला वाटेल मीच. आणि पलीकडून कुणीतरी म्हणेल, काकी, चार नंबरचं बटण.


अर्धा_फादर:

सेमिनरीत चार वर्षं काढून बाहेर पडलो, म्हणून हे नाव. दिराच्या प्रश्नाला उत्तर देतो, पण ते वाटतं तेवढं गुळगुळीत नाही.

चर्चचा कायदा धर्मगुरूंना दोन गोष्टी मना करतो. कॅनन २८५: ज्यात राज्यसत्ता वापरावी लागते असं सार्वजनिक पद घ्यायचं नाही. कॅनन २८७: राजकीय पक्षांत आणि कामगार संघटनांच्या कारभारात सक्रिय भाग घ्यायचा नाही. दुसऱ्याला एक खिडकी ठेवलीय, चर्चच्या हक्कांसाठी किंवा सर्वांच्या हितासाठी वरिष्ठांना गरज वाटली तर. अमेरिकेत फादर रॉबर्ट ड्रायनन नावाचे जेझुइट दहा वर्षं खासदार होते. १९८० साली पोपसाहेबांकडून निरोप आला की पुन्हा उभं राहायचं नाही. त्यांनी ते गपचूप मानलं, पुन्हा उभे राहिले नाहीत. त्याच वेळी १९६५च्या व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज म्हणतो की चर्च कुठल्याही राजकीय व्यवस्थेला बांधलेलं नाही, पण माणसाचे मूलभूत हक्क किंवा आत्म्यांचं तारण यांचा प्रश्न असेल तिथे राजकीय गोष्टींवरही नैतिक मत द्यायचा त्याला अधिकार आहे. त्याच कागदात सामान्य नागरिकांना सांगितलंय, मतदान हा हक्क आहे आणि कर्तव्यही.

म्हणून फादर दिब्रिटो विहिरीच्या पाण्याबद्दल बोलले ते चाललं. विहीर आटली की ती बाप्तिस्मा झालेल्याची आणि न झालेल्याची एकदमच आटते. आणि ते स्वतः कधी उमेदवार झाले नाहीत. सेमिनरीत हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, मार्क चांगले पडले.

आता गुळगुळीत नाही ते. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, गावं बाहेर ठेवा म्हणून आंदोलन पेटलं, आणि त्यातूनच विधानसभेला अपक्ष विवेक पंडित निवडून आले. तेव्हा मी इथेच होतो. वेदीवरून कुणी नाव घेतल्याचं मी ऐकलं नाही, पण मिस्सा सुटल्यावर अंगणात दुसरा विषय नव्हता. तेव्हा रेघ कुठे होती ते मला आजही सांगता येत नाही. पुढे २०११ साली २९ गावं वगळायचं सरकारने ठरवलं, ते प्रकरण कोर्टात वर्षानुवर्षं पडून राहिलं, हे सगळं तुम्हाला माहीत आहेच.

तुमच्या दिराला एवढं विचारा: पंडितांचा बाप्तिस्मा कुठल्या चर्चमध्ये झाला होता? आपल्या गावांनी त्यांना आपला मानलं ना?


माळीवाडा:

नगरहून लिहितोय. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या पत्रांवर अजून नगरच येतं. वय अठ्ठ्याहत्तर. चर्चच्या मंडळीत बारा वर्षं सेक्रेटरी होतो, त्यामुळे वह्यांचा अनुभव आहे.

'आपला माणूस' हा शब्द आमच्याकडे वेगळ्या ठिकाणी दुखतो. अमेरिकन मिशन इथे १८३१ साली आलं. पुढे जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग. माझे आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाच्या घराने १९५६नंतर बौद्ध धम्म घेतला. वस्ती एक, नळ एक, आडनाव एक. पण १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद म्हणतो, अनुसूचित जातीचा माणूस फक्त हिंदू. मग १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. आम्ही राहिलो. वॉर्ड राखीव झाला की माझा चुलतभाऊ उभा राहू शकतो, मी नाही. गेल्या खेपेला त्याच्या प्रचाराच्या खुर्च्या मी उचलल्या. मला तो आपला माणूस वाटला. मंडळीतल्या दोघांनी मला विचारलं, तुम्ही बौद्धाचा प्रचार करता? मी म्हटलं, भावाचा करतो.

दर निवडणुकीला कुणीतरी नाताळात केक कापायला येतो आणि दलित ख्रिस्तींचा प्रश्न सोडवतो म्हणून सांगून जातो. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा म्हटलं. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. केक मात्र वेळेवर येतो.

होळीबाजार, तुमच्या गणितात चूक नाही. पण ते गणित एकदा मांडून झालेलं आहे. १९३५च्या कायद्याखाली आपले मतदारसंघच वेगळे होते, ख्रिस्ती मतदार ख्रिस्ती उमेदवार निवडायचा. संविधान सभेत हे ठेवावं का असा प्रश्न आला तेव्हा सभेचे उपाध्यक्ष होते हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगाली ख्रिस्ती. फादर जेरोम डिसोझाही सभेत होते. या लोकांनी वेगळ्या मतदारसंघाचा हट्ट धरला नाही, पुढे १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही गेल्या. माझे वडील म्हणायचे, मुखर्जींनी आपल्याला उघड्यावर आणलं. मी म्हणायचो, उघड्यावर आणलं म्हणून तर शेजारच्याशी बोलावं लागलं. आमचं यावर शेवटपर्यंत जमलं नाही.

आता मोगरावाडीताईंच्या लेकीसाठी. शास्त्यांच्या पुस्तकाचा नववा अध्याय काढ, बाळ. योथामाचा दाखला. झाडं आपल्यावर राजा नेमायला निघाली. जैतुनाकडे गेली. ते म्हणालं, माझं तेल सोडून मी तुमच्यावर डुलायला येऊ काय? अंजीर म्हणालं, माझी गोडी सोडू काय? द्राक्षवेल म्हणाली, माझा रस सोडू काय? मग सगळी झाडं काटेझुडपाकडे गेली. ते एका पायावर तयार. म्हणालं, या, माझ्या सावलीत बसा. तू वाडीतली पोर आहेस, काटेझुडपाची सावली किती पडते ते तुला सांगायला नको.

आमच्या पाळकसाहेबांनी यावर उपदेश केला तेव्हा सगळा वेळ काटेझुडपाला झोडपलं. मला ते पटलं नाही. मला राग येतो जैतुनाचा. तुझं तेल महत्त्वाचं, मान्य आहे, पण झाडं तुझ्याकडे पहिल्यांदा आली होती. नोटा म्हणजे मला जैतुनाचं उत्तर वाटतं. तुला नोटाच दाबायचा असेल तर दाब, तो तुझा हक्क आहे. फक्त त्याआधी आपल्या प्रभागात कोण कोण उभे आहेत ते चिठ्ठीवर लिहून काढ. मी विचारलं तर आमच्याकडच्या तरुणांना तीन नावंही येत नाहीत.

वही देऊ नका.


दोनपानी:

गोव्यातून. धागा वसईचा आहे, थोडक्यात सांगतो.

आमच्याकडे अजून म्हणतात की १९६७चा जनमत कौल पाद्रींनी जिंकून दिला. १६ जानेवारी, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहायची दोन पानं. फूल १,३८,१७०, दोन पानं १,७२,१९१. माझे आजोबा फोंड्याचे, मराठी शाळेत मास्तर, देवळाच्या कमिटीवर. लोक धरून चालले की म्हातारा फुलाला देणार. त्यांनी दोन पानांना दिलं, आणि मरेपर्यंत घरात फक्त आजीला माहीत होतं. आजीने मला सांगितलं ते ते गेल्यावर. नुसत्या ख्रिस्ती मतांवर तो आकडा जमलाच नसता. तेव्हा 'एकगठ्ठा'वाल्यांनी जरा दमाने घ्या. गठ्ठा बाहेरून दिसतो, सोडून बघितला की आत प्रत्येकाचं कारण वेगळं.

दिराशी बोलणं तोडू नका. फुलं स्टेशनवर कोण नेणार?


होळीबाजार:

माळीवाडा काका, काटेझुडपाचं कबूल. पण जैतून तिकीट मागायला गेलं तर त्याला देतंय कोण?

वहीतलं वाचल्यावर ताईंचं पटलं. हे आधी लिहायचं होतं. पण माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. यादी देऊ नका, पण सगळ्या उमेदवारांना एका संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये समोरासमोर बसवा. पाणी, दफनभूमी, खाजण, तीन प्रश्न. सगळ्यांना बोलवा, बाप्तिस्मा असो नसो. यात कॅननवाल्यांची काही हरकत?


अर्धा_फादर:

काही नाही. हॉलपेक्षा शाळेचं मैदान बरं, म्हणजे आगरातले हिंदू शेजारीही येतील. त्यांच्याही वाडीत पाणी भरतंच.


मोगरावाडी:

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. परीक्षा होत्या.

मतदान झालं. कोण निवडून आलं ते सांगत नाही, प्रभाग ओळखू येईल. होळीबाजारची सूचना मी धर्मग्रामाच्या कौन्सिलमध्ये मांडली. सभा शाळेच्या मैदानावर झाली. पाचांपैकी दोनच उमेदवार आले. 'आपला माणूस' आला नाही, त्याने हार पाठवला. आलेल्यांपैकी एकीला खाजणाचा सर्व्हे नंबर तोंडपाठ होता, हे बघून आमचे म्हातारे एकदम सावरून बसले. दुसरा प्रत्येक प्रश्नाला "बघतो" म्हणाला. मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनांत फादरांनी 'सगळ्या मतदारांसाठी आणि मोजणाऱ्यांसाठी' अशी एक ओळ घातली. मोजणाऱ्यांसाठी हे मला आवडलं. आमच्या शाळेचे निम्मे शिक्षक तिथेच ड्युटीला होते.

मुलीने पाच नावं चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवली होती. मतदानाच्या दिवशी बूथवरून आली ती बोट नाचवत. काय दाबलं विचारलं तर म्हणाली, "जैतून नाही." याच्यापुढे एक अक्षर काढत नाही. माळीवाडा काका, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

वहीचं मी एक काम केलं. नंबरांचं पान वेगळं काढून समूहातल्या दुसऱ्या दोघींकडे दिलं, आजारीपाजारी कुणाला निरोप द्यायला. बाकीची वही कपाटात, शालूच्या खाली.

दीर दोन आठवडे बोलला नाही. करंड्या मात्र रोज नेत होता. पहाटे चारला हॉर्न, मी करंड्या ठेवायच्या, त्याने उचलायच्या, दोघं मुके. परवा हॉर्न वाजवून टेम्पो बंद केला आणि खाली उतरला. म्हणाला, "वहिनी, चार दिवस झाले, आमच्या आळीत पाणी नाही. फोन केला तर उचलत नाहीत. तू फादरांना सांगून बघ ना, एक मोर्चा काढता येईल का?"